सात दिवसांचा हिशोब बाईला कोण सांगणार?

पोस्ट मोठी आहे. विषय असा आहे की काही जण अर्ध्यातच अनफॉलो करतील. करा. पण त्याआधी घरातल्या बाईच्या हातात मोबाइल देऊन पूर्ण वाचू द्या, एवढीच विनंती.

गणपती बसायच्या आठेक दिवस आधी आपल्या आर्णीत कोणत्याही मेडिकलसमोर पंधरा मिनिटं उभं राहून बघा. एक माणूस येतो, आजूबाजूला बघतो, काउंटरवर वाकतो आणि आवाज खाली घेऊन म्हणतो, "भाऊ, ते... महालक्ष्म्यांसाठी पाहिजे होत्या." नाव सांगायची गरजच पडत नाही. दुकानदार मागं न बघता हात घालतो, पट्टी कापतो, कागदात गुंडाळतो. "दिवसातून तीनदा. आजपासूनच सुरू करा." संपलं. ना चिठ्ठी, ना प्रश्न. बाई कोण, वय किती, बीपी आहे का, पायाला कधी सूज आली होती का, काही नाही. सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, पुरण, सगळं तिलाच करायचं आहे आणि नेमकी त्याच तीन दिवसांत तिला "अडचण" यायला नको. म्हणून गोळी.

ही गोळी आपल्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. सासूला माहीत, नणंदेला माहीत, नवऱ्याला माहीत, शेजारणीला माहीत. पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करायची, सण होईस्तोवर चालू ठेवायची, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे वेळापत्रक निरक्षर बाईसुद्धा बोटांवर मोजून सांगते. म्हणजे बायकांना हिशोब जमत नाही, गोळ्यांचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात राहत नाही, हे कोणी मला सांगू नका. देवाच्या नावानं सांगितलं तर एका दिवसात गावभर पाठ होतं.

मग सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन कशी घ्यायची, हे का पाठ होत नाही?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो आशाताईंच्या संपाच्या वेळी. मी फोटो आणि दोन ओळींच्या बातमीसाठी गेलो होतो. घोषणा संपल्यावर एक ताई बाजूला येऊन म्हणाल्या, "भाऊ, मानधनाचं तर छापाच. पण आमच्या गावात काय झालं ते ऐका." गावाचं नाव लिहीत नाही, तालुका आपलाच. बाई तिशीच्या आतली, दोन लेकरं, नवरा चाकणला कंपनीत. माला-एन नियमित घ्यायची. तरी राहिलं. घरात कोणाला सांगायची हिंमत नाही, कारण सासूनं आधीच म्हटलेलं, गोळ्या खाऊन काही होत नसते. तिनं कोणाकडून तरी पाडायच्या गोळ्या मागवल्या, डॉक्टरला न दाखवता घेतल्या. तिसऱ्या दिवशी रक्त थांबेना, रात्री गाडी करून यवतमाळला न्यावं लागलं. वाचली. पण गावात निष्कर्ष काय निघाला? "माला-एन फेल आहे." त्या एका गावात पाच-सहा बायकांनी गोळ्या सोडल्या, असं ताई सांगत होत्या.

मी विचारलं, खरंच फेल गेली का? तेव्हा ताईंनी त्या बाईचे शब्द सांगितले. "ताई, शेवटच्या सात गोया गरम पडतेत म्हणे, म्हून फेकून देल्या. मंग डोक्यावरून पाणी घेतलं. नवं पाकीट बाजाराच्या दिवशी भेटलं, तवा सुरू केलं."

आता याचा हिशोब करा. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांत हार्मोन असतं, तीच खरी गर्भ रोखणारी. शेवटच्या गडद रंगाच्या ७ गोळ्या लोहाच्या. त्या गरम नाहीत, थंड नाहीत. त्या दोन कामांसाठी आहेत. एक, रक्त कमी असलेल्या बायकांना तेवढंच लोह. दुसरं आणि मोठं काम म्हणजे मोजणी. सात दिवस सात गोळ्या घेतल्या की आठव्या दिवशी आपोआप नवं पाकीट. कॅलेंडर बघायची गरज नाही. ती पट्टी हेच कॅलेंडर.

या बाईनं समजा सोमवारी रात्री २१वी गोळी घेतली. सात फेकल्या. गुरुवारी पाळी आली. पाच दिवस चालली, म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत. मंगळवारी डोक्यावरून आंघोळ. खरं तर त्याच मंगळवारी, आठव्या दिवशी, नवं पाकीट फोडायला हवं होतं, पाळी सुरू असो नसो. पण पाकीट घरात नव्हतं. आणि "पाळी पूर्ण झाल्यावर, शुद्ध झाल्यावर सुरू करायची" असं कोणीतरी सांगितलेलं. शुक्रवारी सुरू केलं. म्हणजे सातऐवजी दहा दिवस हार्मोनची एकही गोळी पोटात नाही. आणि हार्मोन बंद झालं की बीजकोष हळूहळू जागा होतो. सात दिवसांपर्यंत त्याला फार वेळ मिळत नाही. आठवा, नववा, दहावा दिवस म्हणजे दार उघडं ठेवून झोपणं. गोळी फेल गेलीच नाही. गोळी पोटात नव्हती.

पाकीट संपतानाची आणि सुरू होतानाची चूक ही सगळ्यात वाईट चूक असते, कारण ती सुट्टीला लागून येते आणि सुट्टी लांबवते. मधल्या आठवड्यात एक गोळी राहिली तर तेवढा धोका नसतो. आपल्याकडे मात्र बाई मधल्या एका गोळीसाठी घाबरते आणि शेवटी तीन-चार दिवस निवांत घालवते. दोष तिचा नाही. तिला कोणी हे सांगितलंच नाही.

कोणी सांगायचं होतं? यादी करायला बसलो तर पहिलं नाव माझंच येतं. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. दरवर्षी ११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिनाची प्रेसनोट येते. "उत्साहात साजरा", मान्यवरांची नावं उतरत्या क्रमानं, दीपप्रज्वलन, आभार प्रदर्शन. मी ती छापत आलो. एकदाही फोन करून विचारलं नाही की कार्यक्रमात एका तरी बाईला पट्टी हातात देऊन दाखवलं का? आपल्याच तालुक्यातल्या दाभडीत २० मार्च २०१४ ला चाय पे चर्चा झाली, देशभराचे कॅमेरे आले, कापसावर बोललं गेलं, ते बोलायलाच हवं होतं. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोटावर चर्चा करायला आर्णीत आजवर एक कॅमेरा आलेला नाही. माझाही नाही.

आणि महालक्ष्म्यांच्या गोळ्या? त्या मीही आणल्या आहेत. आईनं सांगितलं, मी गाडी काढली, पट्टी आणली, बायकोच्या हातात दिली. तिला आधाशीशीचा त्रास आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या रेघा चमकतात. ज्या दुकानातून आणल्या तिथं कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्या सणात ती अंधार करून पडून होती आणि सोळा भाज्या वहिनीनं केल्या. पुढं कधीतरी वेगळ्याच कामासाठी डॉक्टरकडे गेलो तेव्हा हे बोलण्यात निघालं. डॉक्टरीणबाई माझ्यावर जी भडकली ती मला जन्मभर पुरेल. अशी चमक दिसणारी आधाशीशी, रक्ताची गाठ होण्याचा पूर्वेतिहास, लिव्हरचा आजार, असं काही असेल तर हार्मोनची गोळी तपासल्याशिवाय घ्यायचीच नसते. पाळी पुढं ढकलायच्या त्या गोळीचा, नॉरइथिस्टेरॉनचा, काही भाग शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेनसारख्याच हार्मोनमध्ये बदलतो. म्हणून ती कागदात गुंडाळून द्यायची वस्तू नाही, चिठ्ठीवर द्यायची वस्तू आहे.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या घरातसुद्धा माहीत नव्हती. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे गर्भनिरोधक गोळी नव्हे. ती घेत असताना गर्भ राहू शकतो. सणाला नवरा पुण्याहून घरी येतो, बाई गोळी घेतेच आहे, म्हणून दोघंही निर्धास्त. मग दिवाळीच्या आसपास डोळे उघडतात. माला-एन वेगळी, महालक्ष्म्यांची वेगळी आणि टीव्हीवर जाहिरात येते ती ७२ तासांच्या आत घ्यायची तिसरीच. आपल्याकडे तिन्हीला एकच नाव, "गोळी". तिसरी तर काही पोरं महिन्यातून चार-चारदा आणून देतात, जणू ती रोजचीच आहे. ती आणीबाणीची आहे भावांनो. रोजचं काम ती रोजच्या गोळीइतकं चांगलं करत नाही, आणि पाळीचं सगळं गणित विस्कटून टाकते ते वेगळंच.

आता कोणी म्हणेल, पत्रकारानं राजकारण, रस्ते, पीकविमा लिहावा, हे काय बायकांचं काढलं. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं, ते १९५३ ला मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची वकिली कोणी केली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, पण उभे राहिले. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारनं द्याव्यात असा ठराव बाबासाहेबांच्या वतीनं मुंबईच्या विधिमंडळात मांडला गेला आणि तो पडला. म्हणजे हा विषय राजकारणाचाच होता आणि आहे. १४ एप्रिलला आपण सगळे डीजे लावतो. बाबासाहेबांनी हा विषय विधिमंडळात नेला होता, हे किती भाषणांत ऐकलं? मी तरी आर्णीत एकदाही नाही.

बरं, त्या सात दिवसांच्या सुट्टीची गंमत सांगतो. ही सुट्टी शरीराला लागते म्हणून ठेवलेली नाही. अमेरिकेत १९६० साली पहिली गोळी मंजूर झाली, तेव्हा ती बनवणाऱ्यांनी मुद्दाम महिन्याला खंड ठेवला, जेणेकरून दर महिन्याला रक्तस्राव दिसेल, बाईला हायसं वाटेल आणि समाजाला आणि चर्चला सगळं नैसर्गिक वाटेल. गोळी बंद केल्यावर येतं ते रक्त म्हणजे खरी पाळी नव्हेच, हार्मोन थांबल्यामुळं झालेला स्राव आहे. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या या विषयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहूनच टाकलं की सात दिवसांच्या खंडाचा आरोग्याला काही फायदा नाही. तिकडे डॉक्टरच्या सल्ल्यानं बायका सलग पाकिटं घेतात, खंड कमी करतात. म्हणजे बघा, अमेरिकेत समाजाला बरं वाटावं म्हणून गोळी थांबवली, आर्णीत समाजाला बरं वाटावं म्हणून गोळी वाढवली. बाईला काय बरं वाटतं हे दोन्हीकडे शेवटी.

दुसरी एक सुट्टी आपल्याकडे फार चालते. "वर्षभर गोळी घेतली, आता दोन-तीन महिने शरीराला आराम दे." असा आराम लागत नाही. उलट पायात गाठ होण्याचा जो थोडा धोका असतो, तो गोळी नव्यानं सुरू केल्यावरच्या पहिल्या महिन्यांत जास्त असतो. दर वेळी आराम देऊन पुन्हा सुरू केलं की तो पहिला काळ पुन्हा नव्यानं. आणि आरामाच्या महिन्यात गर्भ राहिला तर कसला आराम? नवरा बाहेरगावी असला की बंद, आला की सुरू, हाही तसाच प्रकार. गोळी पाहुण्यासारखी काम करत नाही. तो बसमध्ये बसला असा फोन आल्यावर सुरू केलेली गोळी त्या रात्री कामाची नाही. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर वेगळं, एरवी सलग सात दिवस पोटात जायला लागतात.

मी डॉक्टर नाही. पण जे डॉक्टर आणि आशाताई दोघांकडून पक्कं करून घेतलं ते लिहितो. एक पांढरी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि पुढची तिच्या वेळेवर, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर लगेच एक घ्यायची, पाकीट पुढं चालू ठेवायचं आणि सात दिवस निरोध वापरायचा. हे २१ पैकी शेवटच्या आठवड्यात घडलं असेल तर पांढऱ्या संपवायच्या, लोहाच्या सोडून द्यायच्या आणि थेट नवं पाकीट. त्या महिन्यात पाळी आली नाही तरी घाबरायचं नाही. (तुम्ही विचाराल, आत्ताच म्हणाला की लोहाच्या फेकू नका. हो. फेकायच्या नाहीत, या एका वेळेला सोडायच्या, कारण सुट्टी आधीच होऊन गेलेली असते.) गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. टीबीचं औषध सुरू असेल तर आशाताईला सांगायचंच, कारण त्यातलं रिफाम्पिसिन गोळीचा जोर मारतं. अंगावर पाजत असाल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर माला-एन नको.

त्यांच्यासाठी आणि रोजची गोळी लक्षात न राहणाऱ्यांसाठी "छाया" आहे. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली, आपल्याच देशाची. यात हार्मोन नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. पाळीचं अंतर थोडं लांबू शकतं, ते तिचं स्वाभाविक आहे. तुमचा पहिला वार बाजाराच्या दिवशी आला तर विसरायचं कारणच उरत नाही. २०१६-१७ पासून ही सरकारी कार्यक्रमात आहे. मी गेल्या महिन्यात ओळखीच्या दहा घरांत विचारलं, नाव ऐकलेली एक बाई निघाली. तिला वाटत होतं ती योजना शेतकऱ्यांसाठी आहे.

पुरुषमंडळी इथपर्यंत आली असतील तर आता तुमचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१, देशभराचा आकडा. विवाहित बायकांत नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के. नवऱ्याची नसबंदी ०.३ टक्के. गोळी ५.१ टक्के. टाक्याची नसबंदी राहू द्या, बिनटाक्याची पंधरा-वीस मिनिटांत होते, तरी आपल्याकडे "मग नांगर कोण धरणार" हा एकच प्रश्न. नांगर ट्रॅक्टर धरतो भाऊ, कधीचा. बाई मात्र ऑपरेशन करून निंदणाला जाते, तिला कोणी विचारत नाही विळा कोण धरणार.

आणि पाळीचा त्रास नको म्हणून बाईचं शरीर कामाच्या वेळापत्रकात बसवण्याचा शेवट कुठं होतो ते बीडनं दाखवलं. २०१९ मध्ये राज्याच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपल्या भागातल्या तांड्यांवरूनही जोडपी ऊसतोडीला जातात. सणासाठी गोळी आणि कोयत्यासाठी ऑपरेशन, दोन्हीमागं विचार एकच आहे. पाळी म्हणजे खोळंबा.

मी सण करू नका म्हणत नाही. आमच्याकडेही महालक्ष्म्या बसतात, बसतील. पण मागच्या वर्षी आईला म्हटलं, तिची पाळी आली तर आली, स्वयंपाक मी आणि भाऊ करतो. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुरण तुला जमणार नाही, भाज्या चिर." एवढं झालं. पाळी नंतरच आली तो भाग वेगळा.

आता काम. माला-एनची पट्टी कशी घ्यायची, राहिली तर काय करायचं आणि छायाचे वार कसे ठरवायचे, हे एका पानावर मोठ्या अक्षरात मराठी, गोरमाटी आणि हिंदीत लिहून घेतोय. आपल्या एका लेडी डॉक्टरनी तपासून द्यायचं कबूल केलंय. पाचशे प्रती माझ्या खर्चानं. शहरातल्या मेडिकलवाल्यांना विनंती आहे की काउंटरजवळ लावायला जागा द्या आणि येत्या गणपतीत महालक्ष्म्यांच्या गोळ्या मागायला आलेल्याला चिठ्ठी विचारा, निदान "डोकं दुखतं का, पायात गाठ झाली होती का" एवढं तरी विचारा. जो लावेल त्याच्या दुकानाचा फोटो इथंच टाकेन, फुकट जाहिरात समजा. नाही म्हणणाऱ्याचं नाव टाकणार नाही, पण पुन्हा येऊन विचारेन. सावळी सदोबा, लोणबेहळ, जवळा भागातल्या आशाताईंना प्रती हव्या असतील तर मेसेज करा, मोटरसायकलवर आणून देतो.